साहेबांचा सत्कार आणि सतरा लेकरं

पंचशीलेची एक सवय ऑफिसात कुणालाच पटत नव्हती. पाळणाघर तपासायला निघाली की ती दोन गल्ल्या अलीकडंच जीप थांबवायची आणि पुढं पायी जायची. निरीक्षक म्हटलं की जीप थेट दारात लागावी, कुणीतरी धावत येऊन फाटक उघडावं, खुर्चीवर आधीच टॉवेल टाकलेला असावा, असा सगळ्यांचा समज. ही बाई मात्र खांद्याला कापडी पिशवी अडकवून धुळीतून चालत येणार, आणि नाव-गाव सांगायच्या आधी फाटकाची कडी लेकराच्या हाताला येते का ते बघत बसणार.

जीपचा ड्रायव्हर शिवकुमार याला तर ह्या सवयीचा फारच त्रास. पन्नाशीचा, भरल्या अंगाचा माणूस. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, सोनेरी काडीचा चष्मा, खिशाला दोन पेन. त्यातला एकही चालत नव्हता, पण ते बघणाऱ्याला कसं कळणार? अशा माणसाला लिंबाच्या झाडाखाली जीपमध्ये एकट्याला बसवून ठेवायचं म्हणजे अन्यायच की.

आता पंचशीला एवढी चिकित्सा का करायची, तेही सांगून टाकतो. चार महिन्यांपूर्वी तिची भोकरहून लातूरला बदली झाली. नवरा प्रेम किनवटकडं आश्रमशाळेवर शिक्षक. अडीच वर्षांची लुंबिनी भोकरला आजीपाशी. आणि आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलेलं. तेव्हा लुंबिनीला लातूरला आणायचं तर दिवसभर ठेवायचं कुठं, हा प्रश्न होता. पंचशीला पाळणाघर तपासायची ती सरकारच्या कागदावर, पण मनातल्या कागदावर एकच रकाना असायचा: इथं मी माझं लेकरू ठेवीन का? दहा पाळणाघरं झाली, दहाही वेळा उत्तर नाही असंच आलं. एका ठिकाणी पाळण्याखाली गॅसची टाकी. एका ठिकाणी चौदा लेकरं टीव्हीच्या हवाली करून बाई पार्लरला गेलेली. एका ठिकाणी तर आग विझवायच्या लाल नळकांड्याला दसऱ्याला हळद-कुंकू वाहून झेंडूचा हार घातलेला. हार वाळून गेला होता आणि नळकांड्याची मुदत त्याच्याही आधी संपली होती.

अकरावं पाळणाघर होतं अयोध्याताईंचं, क्लासेसच्या मागच्या गल्लीत. लातुरात क्लासेस एवढे, की शिकवणाऱ्यांची लेकरं सांभाळायलाही एक वेगळी वस्ती लागते. अयोध्याताई निलंग्याकडच्या, नवरा महादेवप्पा. परवान्याची मुदत संपत आलेली, आणि नव्या परवान्यासाठी तपासणी व्हायची होती. दहा लेकरांमागं एक बाई हवी, आणि लेकरं एक क्षणही नजरेआड होता कामा नयेत, ही त्यातली मुख्य अट. लेकरं होती सतरा. सांभाळायला रुक्मिणबाई आणि करिश्मा, वर स्वतः अयोध्याताई. म्हणजे कागदावर सगळं अटीपेक्षा जास्तच.

महादेवप्पाला मात्र अटींपेक्षा सत्काराची काळजी. हा माणूस गल्लीत ट्रान्सफॉर्मर बसवायला आलेल्या वायरमनलाही शाल घालणारा. आपल्याकडं हे एक वेडच आहे. माणूस दारात आला की आधी त्याच्या डोक्यावर टोपी, खांद्यावर शाल, हातात नारळ. तो कशाला आलाय ते नंतर विचारायचं. सकाळी दुसऱ्या एका पाळणाघरातून फोन आला होता, "पांढरी जीप तुमच्याकडं निघाली, साहेब तपासाय यायलेत." बस, महादेवप्पानं पोर्चमध्ये दोन खांबांच्या मधे वरपासून खालपर्यंत फ्लेक्स ताणला, 'मा. निरीक्षक साहेबांचे सहर्ष स्वागत'. समोर चार खुर्च्या मांडल्या, आणि लग्नाकार्यात भाड्यानं देतात तसला बिनवायरचा माइक आणि त्याचा डबा आणून ठेवला.

आता त्याच दिवशी नेमकं आठ दिवसांनी नळाला पाणी सुटलं. लातूरकराला पाणी सुटलं म्हणजे काय ते सांगायला नको. हातातली भाकरी टाकून माणूस आधी हौदाकडं पळतो. पाळणाघराच्या मागच्या अंगणात जमिनीखाली हौद होता. त्याचं लोखंडी झाकण रुक्मिणबाई आणि करिश्मानं मिळून बाजूला सारलं, पाइप आत सोडला, आणि पाणी भरायला लागलं.

पंचशीलेनं नेहमीप्रमाणं जीप लिंबाखाली थांबवली. "मी पुढं होते. तुम्ही इथंच थांबा," असं शिवकुमारला बजावलं आणि आधी मागची बाजू बघावी म्हणून बोळातून वळली. शिवकुमार पाच मिनिटं थांबला. मग त्याला तहान लागली. त्यानं तंबाखूचा बार भरला, म्हणजे तहान जरा दबते, आणि सावकाश जीप पुढं घेऊन पाळणाघराच्या फाटकाशी लावली. पाणी मागायला खाली उतरला एवढंच त्याचं पाप.

"या साहेब, या," महादेवप्पानं त्याचा हातच धरला.

शिवकुमारच्या तोंडात बार. बोलायला जावं तर पांढऱ्या शर्टावर सगळी शोभा. थुंकावं तर समोर रांगोळी. त्यानं "हूं हूं" असा आवाज काढून मान हलवली. महादेवप्पाला वाटलं, काय भारदस्त साहेब आहे, एक शब्द वाया घालवत नाही. त्यानं त्याला खुर्चीत बसवून डोक्यावर टोपी ठेवली.

इकडं पंचशीला मागच्या फाटकाशी पोचली. कडी होती, पण ती लेकराच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर. पिशवीतून वही काढणार, तेवढ्यात करिश्मा धावत आली. वीस-बावीस वर्षांची पोरगी, केसांत ताजा गजरा, कडेवर एक रडतं लेकरू.

"ताई, लेकरू ठिवायसाठी बघाय आलाव का?"

"हो," पंचशीला म्हणाली. आता हे खोटं कसं म्हणावं?

"मग बरं झालं. जरा ह्यांच्याकडं ध्यान द्या. साहेब आलेत, मी फोटू काढून आलेच." असं म्हणून करिश्मानं कडेवरचं लेकरू पंचशीलेच्या कडेवर दिलं आणि गजरा सावरत पळाली.

"अहो, पण तुम्ही मला ओळखत तरी..." पंचशीलेचं वाक्य पुरं होईपर्यंत करिश्मा कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली. हौदाशी उभ्या असलेल्या रुक्मिणबाई तरी थांबतील म्हणून तिनं तिकडं बघितलं, तर पोर्चमधून अयोध्याताईंची हाक आली, "रुक्मिणबाई, ओवाळायला या, निरांजन पेटवलंय." रुक्मिणबाईंनी हौदाकडं एकदा बघितलं, पंचशीलेकडं एकदा बघितलं, "दोन मिंटात आले बाई," म्हणाल्या आणि पदर खोचत निघून गेल्या.

अंगणात उरली एक अनोळखी बाई, सतरा लेकरं आणि एक उघडा हौद.

पंचशीलेनं आधी लेकरं मोजली. सोळा. पुन्हा मोजली. सोळाच. सतरावा गोलू नावाचा तीन वर्षांचा गडी हौदाच्या काठावर पालथा पडून आपली निळी सँडल पाण्यात सोडत होता, होडी म्हणून. पंचशीलेनं कडेवरच्या लेकरासकट झेप घेतली आणि दुसऱ्या हातानं गोलूची चड्डी पकडली. सँडल गेली, गोलू राहिला. दोन्ही लेकरं घेऊन ती तिथंच फरशीवर बसली. तिला डोळ्यांपुढं लुंबिनी दिसली. लुंबिनीलाही पाण्यात काहीबाही सोडायची हौस होती.

मग उठून तिनं झाकण ओढून बघितलं. ते वीतभरही हललं नाही. दोघींचं काम होतं ते. "अहो, कुणीतरी इकडं या," तिनं दोनदा ओरडून सांगितलं. पण पोर्चमध्ये माइक सुरू झाला होता, आणि महादेवप्पाच्या आवाजापुढं तिचा आवाज म्हणजे काहीच नव्हता. "आजचा दिवस आपल्या पाळणाघराच्या इतिहासात..." असं काहीतरी चाललं होतं.

तेव्हा पंचशीलेला राग आला. आणि राग आला की तिला खोड्या सुचतात, हा तिचा भोकरच्या शाळेपासूनचा दोष. लेकरांना हौदापासून लांब न्यायचं हे तर ठरलंच होतं. पण कुठं न्यायचं? ती मागच्या दारानं सगळ्यांना हॉलमध्ये घेऊन गेली, मागचं दार लावलं आणि पुढच्या दाराच्या फटीतून बघितलं. समोर ताणलेल्या फ्लेक्सची मागची पांढरी बाजू. दार आणि फ्लेक्सच्या मधे चांगली चार हात जागा. तिनं पिशवीतून दुपारसाठी आणलेला चुरमुऱ्यांचा पुडा काढला.

"आपण चिडीचूप खेळायचं," ती हळूच म्हणाली. "तोंडात चुरमुरे, ओठांवर बोट. जो बोलेल त्याचे चुरमुरे मला."

असा धाक सतरा लेकरांना पुरतो. दोन मिनिटांत सगळी फ्लेक्समागं मांडी घालून बसली. पंचशीलेनं हॉलचं दार मागं ओढून घेतलं, पुन्हा मोजली, सतरा, आणि स्वतःही त्यांच्यात बसली. साहेबांचं स्वागत पुढच्या बाजूला आणि साहेब मागच्या बाजूला. फ्लेक्सच्या पलीकडं हातभर अंतरावर शिवकुमारची खुर्ची. रुक्मिणबाई त्याला ओवाळत होत्या, करिश्मा फोटो काढत होती, आणि अयोध्याताई माइकवरून सांगत होत्या, "साहेब, आमच्याकडं लेकरू एक घडीभर बी नजरेआड होत न्हाई."

पंचशीलेनं चुरमुऱ्यांचा बोकाणा भरला म्हणून बरं, नाहीतर चिडीचूपमध्ये पहिली तीच बाद झाली असती.

"साहेब, आता दोन शब्द बोला," महादेवप्पानं माइक पुढं केला. शिवकुमार "हूं" म्हणाला. टाळ्या झाल्या. "बरं, मग लेकरं दाखवितो, चला," म्हणून सगळी वरात बोळातून मागं निघाली.

पंचशीलेनं ठरवलं होतं, त्यांना जरा शोधू द्यावं. पाच मिनिटं धावपळ होऊ द्यावी, मग फ्लेक्स बाजूला करून विचारावं, किती लेकरं आहेत तुमची? एकदा चांगली खोड मोडली की जन्मभर लक्षात राहतं. हिशोब बरोबर होता. त्यात गोलूची सँडल तेवढी धरायची राहिली होती.

मागून आधी करिश्माचा आवाज आला. "आवो, लेकरं कुठं गेली?" मग दार उघडल्याचा, हॉलमध्ये पळापळीचा. मग महादेवप्पा, "फाटक उघडं हाय, रस्त्यावर बघा." आणि मग रुक्मिणबाईंचा आवाज, अगदी बारीक, "ताई, पाण्यात चप्पल हाय. गोलूची."

धप्पकन काहीतरी पाण्यात पडल्याचा आवाज आला.

पंचशीलेनं तोंडातले चुरमुरे थुंकून टाकले. तिनं दोन लेकरं उचलली, बाकीच्यांना "चला चला" म्हणत हॉलमधून मागं पळवली, आणि दारात येऊन थांबली.

अयोध्याताई हौदात होत्या. सत्कारासाठी नेसलेली जरीची साडी पाण्यावर फुगून आलेली, पाणी छातीपर्यंत. श्वास घेऊन त्या खाली जात होत्या, दोन्ही हातांनी तळ चाचपत होत्या, वर येत होत्या, पुन्हा खाली. महादेवप्पा काठावर गुडघे टेकून बसला होता आणि त्याच्या हातातला माइक अजून चालूच होता, त्यामुळं सगळ्या गल्लीला त्याचं रडणं ऐकू जात होतं.

"ताई, वर या," पंचशीला म्हणाली. "सगळी आहेत. सतराच्या सतरा. गोलू हा इथं आहे."

अयोध्याताईंनी डोळ्यांवरचं पाणी निपटून बघितलं. गोलू हसत म्हणाला, "माजी होडी दे."

त्यांना वर काढायला तिघं लागली. त्या उठून उभ्याही राहिल्या नाहीत. ओल्या फरशीवर बसूनच एकेका लेकराच्या डोक्याला हात लावत मोजायला लागल्या. सतरापर्यंत आल्या, आणि गोलूला पुन्हा मोजून अठरा म्हणाल्या. कुणी चूक काढली नाही.

मग त्यांनी पंचशीलेकडं बघितलं. "तुमी कोण वो बाई? कुठं नेली होती माझी लेकरं?"

पंचशीला सांगणार, तेवढ्यात शिवकुमार कोपऱ्यात जाऊन एकदाचा थुंकला आणि घाईघाईनं म्हणाला, "म्याडम, आता तरी सांगा ह्यांना. मी डायवर हाय वो. पाणी प्यायला आलतो."

महादेवप्पाच्या हातातला माइक खाली पडला. करिश्मानं तोंडावर ओढणी घेतली. रुक्मिणबाई शिवकुमारच्या कपाळावरच्या कुंकवाकडं बघत राहिल्या, जणू ते परत पुसून घेता येईल का असा विचार चाललाय.

"मी निरीक्षक," पंचशीला म्हणाली. "लेकरं फ्लेक्समागं बसवली होती. हौद उघडा होता, झाकण मला एकटीला ढकलवलं नाही, आणि हाका मारल्या तर कुणी ऐकलं नाही. पण नंतर गप्प राहिले, ते चुकलं माझं. तुमचा जीव एवढा टांगणीला लागेल असं वाटलं नव्हतं."

अयोध्याताईंच्या दातावर दात वाजत होते. थंडीनं का कशानं ते त्यांनाच ठाऊक. पदर पिळत त्या म्हणाल्या, "तुमचं जे चुकलं ते चुकलं. आमी काय केलं ते आमाला कळलं. परवाना जाणार का आता?"

पंचशीलेनं त्यांच्यासमोरच बसून अहवाल लिहिला. मागचं फाटक, कडीची उंची, हौदाचं झाकण, कुलूप. अनोळखी बाईच्या ताब्यात लेकरं दिली, हेही लिहिलं. परवाना देता येत नाही, पंधरा दिवसांनी फेरतपासणी, असं लिहिलं. शेवटी, तपासणाऱ्यानं लेकरं लपवली आणि मालकीण हौदात उतरल्या, हेही लिहिलं. ऑफिसातल्या साहेबांनी वाचल्यावर तिला कानउघाडणी ऐकावी लागली, ती तिनं ऐकून घेतली. शिवकुमारच्या खांद्यावरची शाल तिनं तिथल्या तिथं परत करायला लावली. नारळ तेवढा जीपमध्ये गेला, तो कसा ते शिवकुमारच जाणे.

पंधरा दिवसांनी, नळाची पाळी बघून, ती पुन्हा गेली. फ्लेक्स नव्हता. खुर्च्या नव्हत्या. करिश्मानं ओळखपत्र मागून फोटो आणि चेहरा दोनदा ताडून बघितला, तेव्हा कुठं फाटक उघडलं. कडी आता माणसाच्या खांद्याच्या उंचीला होती. हौदाला बिजागरीचं नवं झाकण होतं, पाइपापुरतं भोक ठेवलेलं, कुलूप लावलेलं, आणि कुलूप असूनही अयोध्याताई त्यावर खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"या म्याडम," त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या. "पाणी चालू हाय. उठता येत न्हाई, राग मानू नका."

पंचशीलेनं राग मानला नाही. परवान्याची शिफारस लिहिली. पुढची तपासणी दुसऱ्या निरीक्षकाकडं द्यावी असा अर्ज ऑफिसात टाकला, आणि त्याच संध्याकाळी आईला भोकरला फोन केला की लुंबिनीचे कपडे भरून ठेव.

आता इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण पंचशीलेच्या अंगातली खोड एवढ्यात जाते होय? लुंबिनीचा पाळणाघरातला पहिला दिवस. सकाळी दाखल करताना कागदावर न्यायला येणाऱ्यांची दोन नावं लिहिली होती, आईचं आणि बापाचं. संध्याकाळी पंचशीला गल्लीच्या तोंडाशीच एका लिंबाआड उभी राहिली आणि तिनं शिवकुमारला पुढं पाठवलं. तोच पांढरा शर्ट, तेच दोन पेन. बार भरायचा नाही, एवढी ताकीद.

फाटकाच्या जाळीमागं रुक्मिणबाई होत्या.

"लुंबिनीला न्यायला आलोय," शिवकुमार म्हणाला. "म्याडमनं धाडलंय."

"नाव काय?"

"आवो, मी शिवकुमार. वळखलं न्हाई का? तुमीच तर ओवाळलं की मला."

"ओवाळलं, हाव. ते ध्यानात हाय," रुक्मिणबाई म्हणाल्या. "पर कागदावर तुमचं नाव न्हाई."

"आवो, फोटू हाय माझा तुमच्यासंगं. टोपी घातलेला."

"लई चांगला आलाय फोटू. टोपी बी परत घालू, शाल बी घालू. लेकरू न्हाई मिळणार."

शिवकुमारनं मागं वळून लिंबाकडं बघितलं. पंचशीला तिथून बाहेर आली ती डोळे पुसतच. हसू येत होतं की रडू, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं. चार महिने उराशी धरलेलं ओझं असं एका जाळीच्या फाटकाशी उतरेल असं तिला वाटलं नव्हतं. रुक्मिणबाईंनी तिलाही आधी वही पुढं केली. तिनं सही केली, वेळ लिहिली, तेव्हा कुठं लुंबिनी बाहेर आली, गोलूची एक निळी सँडल हातात घेऊन.

जीपमध्ये बसल्यावर शिवकुमारनं चष्मा पुसला. मग म्हणाला, "म्याडम, उद्या त्या कागदावर माझं बी नाव लिवा की. चारचौघांत बरं दिसत न्हाई."

"नाही," पंचशीला म्हणाली. "राहू द्या असंच."